आंतोन टेलरचा डावा हात

किशोरी मेस्त्रीच्या वर्गात एक पलंग होता आणि पलंगावर रबराचा एक माणूस. कसालपासून थोडं आत असलेल्या हायस्कूलमध्ये ती नववी-दहावीच्या मुलांना आरोग्यसेवा हा विषय शिकवायची. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं, पडल्या जागी त्याचं अंग कसं पुसायचं, त्याला न उठवता चादर कशी बदलायची, हे सगळं त्या रबरी माणसावर चालायचं. किशोरी मूळची विज्ञानाची. शाळेत हा विषय नव्याने आला तेव्हा मुख्याध्यापकांनी तो तिच्या गळ्यात घातला, एक छोटंसं प्रशिक्षण झालं, आणि तेव्हापासून ती पुस्तकात वाचून शिकवत होती. खऱ्या आजारी माणसाला तिने कधी हात लावला नव्हता. मुलांना हे ठाऊक नव्हतं, पण तिला होतं, आणि ते तिला टोचायचं.

त्यामुळे जिल्ह्यातल्या या विषयाच्या शिक्षकांचे समन्वयक गुरुप्रसाद सावंत यांनी उन्हाळी एक्स्टर्नशिपची कल्पना मांडली, तेव्हा पहिलं नाव किशोरीने दिलं. मे महिन्याच्या सुट्टीत शिक्षकांनी रुग्णालयात जायचं, तिथल्या कर्मचाऱ्यांबरोबर वावरायचं, आणि जे बघितलं त्यावरून आपल्या विषयाचे पाठ नव्याने बांधायचे. चांगले पाठ निवडून सगळ्या शाळांना दिले जाणार होते.

"सुट्टीत लोकं आंबे खातत, तू हॉस्पिटलात जातंस," तिचा नवरा सुशांत म्हणाला. पण रोज सकाळी स्कूटरवरून तिला बसस्टॉपवर सोडायला तोच यायचा.

तिला मालवणातलं एक खाजगी रुग्णालय मिळालं. पुरुषांच्या वॉर्डात प्रीतम नावाचा तरुण नर्स होता, सगळे त्याला ब्रदर म्हणत. किशोरी त्याच्या मागे मागे फिरायची. पहिले काही दिवस ती नुसती बघत राहिली. मग प्रीतमने तिला एका म्हाताऱ्याच्या खांद्याखाली हात घालायला लावला, आणि माणसाचं अंग किती जड असतं, किती गरम असतं, हे तिला पहिल्यांदा कळलं. त्या दिवशी ती घरी आली ती आनंदाने फुलून आली. आता आपण मुलांना खरं काहीतरी सांगू शकू, असं तिला वाटलं.

खिडकीजवळच्या पलंगावर आंतोन फर्नांडिस होते. मालवणच्या बाजारात त्यांचं शिलाईचं दुकान. आंतोन टेलर म्हणूनच सगळे ओळखायचे. अर्धांगवायूचा झटका येऊन त्यांची उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. दिवसाकाठी एखादा शब्द सुटायचा, तोही अडखळत. त्यांची बायको कार्मीन मात्र दोघांच्या वाटचं बोलायची. "ह्यो माणूस घरात पण शर्टाशिवाय बसाक नाय कधी," ती किशोरीला सांगायची. "दूधवालो इलो तरी आदी बटणां लावतलो, मगे दार उघडतलो. आता बघ कसो पडलो आसा." आंतोन यांच्या अंगावर रुग्णालयाचा तो पाठीवर नाड्या बांधायचा हिरवा झगा असायचा. कार्मीन बोलायला लागली की ते डोळे मिटून घ्यायचे.

किशोरीला त्यांच्याविषयी माया वाटू लागली होती. ती त्यांना उशी सरकवून द्यायची, डाव्या हातात पाण्याचा पेला द्यायची. एकदा पेला परत देताना ते तिच्याकडे बघून हसले, म्हणजे तोंडाची डावी बाजू हसली. प्रीतम म्हणाला, "मॅडम, तुमचो नंबर लागलो. माका बघून अजून हसाक नाय."

एक्स्टर्नशिप संपत आली तेव्हा तिच्या मनात आलं की पाठाबरोबर एक व्हिडिओ जोडावा. चित्रं, बाण, मुद्दे सगळेच देतील. खरा रुग्ण, खरा नर्स, खरे हात कोणी देणार नाही. डॉक्टरांनी हरकत घेतली नाही, घरच्यांना विचारा म्हणाले. तिने कार्मीनला विचारलं.

"घे गो टीचर, घे," कार्मीन म्हणाली. "पोरांका शिकूक उपेगी पडता तर मी कित्या नाय म्हणतलंय?"

सकाळची वेळ होती. प्रीतमने पडदा ओढला, कोमट पाणी आणलं आणि आंतोन यांना कुशीवर वळवून झगा सोडला. "अंकल, टीचर शूटिंग करतत हां," एवढं तो बोलला आणि कामाला लागला. किशोरी मोबाइल धरून समोर उभी होती. खिडकीतून छान उजेड येत होता. प्रीतमचा एक हात खांद्यावर, एक कमरेवर, अगदी पुस्तकात लिहिलेलं असतं तसं.

तेवढ्यात आंतोन यांचा डावा हात वर आला. तळवा मोबाइलकडे करून त्यांनी तो धरून ठेवला. प्रीतम पाठीमागे वाकून पाठ पुसत होता, त्याला ते दिसायचं कारण नव्हतं. किशोरीला दिसलं. स्क्रीनच्या मधोमध तो हात होता, बोटं फाकलेली, थरथरणारी. 'नको' म्हणायची याहून साधी खूण नसते. क्षणभर तिचा अंगठा लाल बटणावर गेला. मग तिने प्रीतमच्या हातांकडे बघितलं, उजेडाकडे बघितलं, आणि ती थोडी बाजूला सरकली. हात चौकटीच्या कडेला गेला. जरा वेळाने तो खाली आला आणि आंतोन यांनी तो स्वतःच्या डोळ्यांवर ठेवला. किशोरी शूटिंग करत राहिली.

घरी बसून व्हिडिओ कापताना तिने तो हाताचा तुकडा काढून टाकला. लांबी कमी करायची आहे, असं ती स्वतःला म्हणाली. चेहरा फारसा ओळखू येत नाही, असंही म्हणाली. तो ओळखू येत होता.

कार्मीनने व्हिडिओ मागितला. "रिशेलीक पाठवतंय, ती म्हापशाक आसा, तिका सारख्या येवक जमना नाय. बापाशीची सेवा कशी चल्ली हा ती तरी बघात." किशोरीने लगेच पाठवून दिला. आपण काही लपवत नाही, असं तिला त्याने बरं वाटलं.

ओरोसला झालेल्या शेवटच्या बैठकीत सगळ्यांनी आपापले पाठ मांडले. किशोरीचा व्हिडिओ संपला तेव्हा टाळ्या वाजल्या. गुरुप्रसाद सर उभे राहून म्हणाले, "याला म्हणतात अनुभवातून आलेला पाठ." तिचं नाव नवा अभ्यासक्रम लिहिणाऱ्या गटात घेतलं गेलं आणि व्हिडिओ त्याच दिवशी शिक्षकांच्या ग्रुपवर गेला. परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसून एकेक अभिनंदन वाचत होती. मध्येच तिला तो हात आठवला. तिने मोबाइल पर्समध्ये टाकला आणि डोळे मिटले.

शाळा सुरू झाली. तिने व्हिडिओ वर्गात दाखवला, मुलं रबरी माणसाला विसरून डोळे मोठे करून बघत राहिली. तिला मात्र स्क्रीनकडे बघवेना. कापलेली जागा आली की ती पाठ फिरवून फळ्यावर काहीतरी लिहायची.

जूनच्या अखेरीस प्रीतमचा फोन आला.

"मॅडम, आंतोन अंकलांचां जरा बघूक व्हया. घरी गेल्यापासून ते कोणाक हात लावूक देणत नाय. मी ड्युटी संपवून अंग पुसूक गेलंय, तर माका पण ढकलून दिल्यानी. एका कुशीवर पडान पडान कमरेक घाव पडलो. व्यायामवालो येता तो पण परत जाता."

"कधीपासून?" किशोरीने विचारलं.

"तां माका म्हायत नाय. पण तुमच्याकडे बघून हसायचे ना, तुमचां आयकतीत बहुतेक. एकदा येवन जावा."

किशोरीने फोन ठेवला. कधीपासून, हे तिने उगाच विचारलं होतं.

रविवारी ती गेली. चर्चच्या मागच्या वाडीत त्यांचं कौलारू घर. कार्मीन तिला बघून इतकी हरखली की हाताला धरूनच आत घेऊन आली. "येवा टीचर, बसा. तुमचो व्हिडिओ आमच्या सगळ्या लोकांनी बघितलो! चर्चच्या बायकांच्या ग्रुपवर मीच टाकलंय. जो येता तो हेंका सांगता, आंतोन, तुका बघितलंव रे मोबाइलात. आणि ह्यो माणूस बघा, कोण इलो की भिंतीकडे तोंड करता. रिशेल तेवढी वाकडी. माका म्हणता, पपाक इचारलंस? मी म्हटलंय, टीचर बऱ्या कामाक मागता, इचारूचा काय तेच्यात?"

किशोरीने विचारलं, "अंकल खंय आसत?"

आंतोन आतल्या खोलीत होते. अंगात पांढरा, पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. त्या उकाड्यात शर्ट घामाने पाठीला चिकटला होता, आणि खोलीत जखमेचा वास होता. तिला बघताच त्यांनी मान फिरवली.

ती पलंगाशेजारच्या स्टुलावर बसली. कार्मीन चहा ठेवायला गेली होती. प्रीतमने सांगितलेलं सगळं समजावायचं ती ठरवून आली होती, जखम वाढेल, ताप येईल, वगैरे. त्यातलं काही तोंडातून निघेना.

"अंकल," ती शेवटी म्हणाली, "त्या दिवशी तुमी हात वर केल्यात. माका दिसलो. नको म्हणताहात तां पण माका कळला. तरी मी थांबलंय नाय."

आंतोन हलले नाहीत. बऱ्याच वेळाने त्यांनी मान वळवली. डोळे लाल झाले होते. ओठ हलले, शब्द येईना, पुन्हा हलले.

"हात," ते म्हणाले. मग दम घेऊन, "कापलंस."

त्यांनी तो व्हिडिओ बघितला होता. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी तो त्यांच्यासमोर धरला असणार, आणि त्यांनी त्यात आपला हात शोधला असणार. तो नव्हता. आपण नको म्हटलं होतं याचा पुरावा फक्त त्यांच्याजवळ राहिला होता, आणि तो सांगायला तोंडात शब्द नव्हते.

"व्हय," ती म्हणाली. "मीच कापलंय."

दारात कप खळखळले. कार्मीन ट्रे घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"हेणी हात वर केल्यानी?" तिने विचारलं. "आणि तू बघितलंस?"

"व्हय, आंटी."

कार्मीनने ट्रे खिडकीत ठेवला. ती ओरडेल, हाकलून देईल, असं किशोरीला वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. पण कार्मीन पलंगाच्या पायथ्याशी बसली आणि नवऱ्याच्या पायावर हात ठेवून रडायला लागली. "माका इचारल्यान आणि मी व्हय म्हटलंय. तुका इचारूक नाय रे मी. आणि सगळ्या गावाक दाखवलंय. हौसेन दाखवलंय." आंतोन छताकडे बघत राहिले. आपला गुन्हा आपण आता या बाईच्याही डोक्यावर ठेवला, हे किशोरीला दिसत होतं आणि त्याला काही उपाय नव्हता. ती चहा न घेता निघाली. निघताना एवढंच म्हणाली, "मी तो सगळीकडसून काढूक लावतंय."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिने गुरुप्रसाद सरांना फोन केला.

"व्हिडिओ मागे घ्यायचा? आता?" सर म्हणाले. "मॅडम, तो पुण्याच्या वरिष्ठ कार्यालयापर्यंत गेलाय. अडचण काय आहे? घरच्यांची परवानगी होती ना?"

"बायकोची होती, सर. रुग्णाने नको म्हटलं होतं."

"त्यांना तर बोलता येत नव्हतं."

"हाताने म्हणाले. मी पाहिलं, आणि तो भाग कापला."

सर हळू आवाजात म्हणाले, "हे तुम्ही मला सांगितलं नाही असं समजू. चेहऱ्यावर पट्टी टाकून नवीन पाठवा. विषय संपेल."

"नाही, सर. मी कारण सांगूनच मागे घेणार आहे."

"मग तुमचं नाव गटात ठेवता येणार नाही. माझीही नाचक्की आहे यात, कळतंय का तुम्हाला?"

तिला कळत होतं. सर वाईट नव्हते. या उपक्रमासाठी त्यांनी वर्षभर चपला झिजवल्या होत्या. तिने त्यांचीही माफी मागितली आणि ग्रुपवर लिहिलं: 'रुग्णाचा नकार दिसत असूनही मी हे चित्रीकरण केलं आणि नकाराचा भाग काढून टाकला. चूक सर्वस्वी माझी आहे. कृपया हा व्हिडिओ पुसून टाका, कोणाला पाठवला असल्यास त्यांनाही सांगा.' काहींनी हात जोडल्याचं चिन्ह टाकलं. एकाने लिहिलं, उगाच एवढं मनाला लावून घेऊ नका. बरेच जण काहीच बोलले नाहीत. आदल्या महिन्यात ज्यांनी अभिनंदन केलं होतं त्यातल्या एका बाई नंतर भेटल्या तेव्हा रस्त्याच्या पलीकडे गेल्या.

रुग्णालयात जाऊन तिने प्रीतमलाही सांगितलं. "मी वर बघितलं असतंय तर थांबलो असतंय, मॅडम," तो म्हणाला. मग, "विचारूक मी पण खंय थांबलंय. नुसता सांगितलंय." त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

वर्गात तिने मुलांना पाठ नव्याने शिकवायचं ठरवलं. रबरी माणूस खाली उतरवला आणि ती स्वतः, साडीवर चादर ओढून, पलंगावर आडवी झाली. मुलं आधी खिदळली, मग गंभीर झाली. अक्षया नावाची मुलगी पुढे आली. "बाई, मी तुम्हाला आता डाव्या कुशीवर वळवू?" तिने विचारलं. किशोरीने मुद्दाम उत्तर दिलं नाही. अक्षया गोंधळली, मैत्रिणींकडे बघू लागली, आणि मग बाई गप्प आहेत म्हणजे चालेल असं धरून तिने किशोरीच्या खांद्याखाली हात घातला. चादर सरकली, पोटरी उघडी पडली, सगळा वर्ग वरून बघत होता. हे नाटक आहे, ही आपलीच मुलं आहेत, आपण कधीही उठू शकतो, हे माहीत असूनही किशोरीचं अंग आक्रसलं. तिने डावा हात वर केला. अक्षया तिथल्या तिथे थांबली.

"का थांबलीस?" किशोरीने आडव्यानेच विचारलं.

"तुम्ही हात केला म्हणून."

एवढं सोपं होतं ते. नववीतल्या मुलीला कोणी न शिकवता कळत होतं. किशोरी उठून बसली, पण पुढचा मुद्दा सांगायला तिला बराच वेळ लागला. मुलांना वाटलं बाईंना चक्कर आली.

आंतोन यांच्याकडची खबर प्रीतम देत होता. त्यांनी त्याला पुन्हा घरात येऊ दिलं होतं. तो आता प्रत्येक गोष्टीआधी थांबतो, ते बोट हलवतात, मग तो हात लावतो. कधी कधी ते हलवत नाहीत आणि तो तसाच परत जातो. जखम भरत होती. चर्चला मात्र ते जात नव्हते. व्हीलचेअर आली होती, फादर स्वतः बोलवून गेले, पण नाही. ज्यांनी बघितलं त्या सगळ्यांसमोर बसायला ते तयार नव्हते. कार्मीनने ग्रुप सोडला होता. किशोरीच्या फोनला ती उत्तर द्यायची, पण दोन शब्दांत.

श्रावण लागला त्या सुमारास किशोरीला रत्नागिरीकडच्या एका शाळेतून फोन आला. अनोळखी बाई होत्या, उत्साहाने बोलत होत्या. "तुमचा व्हिडिओ आमच्या मुलींना दाखवला. फार सुंदर. आणखी आहेत का?" किशोरीने त्यांना सगळं सांगितलं, पुसून टाकायची विनंती केली. बाई ओशाळल्या, म्हणाल्या त्यांना तो कुठल्याशा दुसऱ्याच ग्रुपवर मिळाला होता, कोणी टाकला आठवत नाही.

फोन ठेवल्यावर ती व्हरांड्यात बसून राहिली. हे आंतोन यांना सांगायची काही गरज नव्हती. सांगून त्यांचं दुखणं वाढणारच होतं. सुशांतही तेच म्हणाला, "आता कित्या त्या म्हाताऱ्याक त्रास देतंस? तुझा मन हलका होवचा म्हणान?" तो प्रश्न तिला लागला, कारण तो खरा असू शकत होता. पण व्हिडिओ सगळीकडून काढते असं ती त्यांना बोलून आली होती, आणि ते तसंच समजून पडून असतील, तर तीही एक फसवणूकच होती.

ती पुन्हा गेली. कार्मीनने दार उघडलं, "आत आसत," म्हणाली आणि बाजूला झाली. आंतोन खिडकीशी खुर्चीत बसले होते. किशोरी दारातच उभी राहिली. "अंकल, आत येव?" तिने विचारलं. त्यांनी बोट हलवलं.

"मी तुमका सगळीकडसून काढतंय म्हटलेलंय," ती म्हणाली. "पण तो अजून फिरता. रत्नागिरीसून फोन इल्लो. त्यांका मी पुसूक सांगितलंय. पण आणखी खंय खंय गेलो आसा तां माका म्हायत नाय. आणि तो सगळो परत येवचो नाय. तां सांगूक इलंय."

आंतोन यांनी तिच्याकडे बघितलं. तोंडाची डावी बाजू हसली नाही. बाहेर कोणीतरी सायकलवरून हाक मारत गेलं. कार्मीन दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"आनी..." ते म्हणाले, आणि शब्द अडकला. त्यांनी डोळे मिटून तो ओढून काढला. "...इलो, तर?"

"आणखी फोन इलो तर?" किशोरीने विचारलं. त्यांनी मान हलवली. "तर परत येवन सांगतलंय. दर वेळी."

त्यांनी पुन्हा मान हलवली. माफ केलं असं त्यात काही नव्हतं, आणि तिनेही मागितलं नाही. ते खिडकीबाहेर बघायला लागले. किशोरी निघावं की थांबावं या विचारात उभी होती. तेव्हा त्यांनी तिच्याकडे न बघताच हाताने स्टूल दाखवलं.

"बस," ते म्हणाले.

ती बसली. कार्मीन आत गेली आणि स्वयंपाकघरात स्टोव्हचा आवाज सुरू झाला.